एका खाटेपुरती जागा

ऑगस्ट १९०९. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसानं गाठलं. एका खेड्यातल्या शाळेत, पेंढ्यावर सगळ्यांनी रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग भटकणाऱ्या मुलांना तिथे आसरा का मिळू नये, हा विचार शिरमान यांना त्या रात्री सुचला. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं युवा वसतिगृह उभं राहिलं. आज शहरोशहरी दिसणारी हॉस्टेलं त्याच वाटेनं आली.

पहिल्यांदाच एकट्यानं बाहेर पडणाऱ्याला ही जागा फार मोलाची. भाडं खोलीचं नाही, एका खाटेचं, म्हणून परवडतं. सामान कुलपात ठेवायचं, रात्री दिवा लावताना शेजाऱ्याच्या झोपेचा विचार करायचा. सामायिक स्वयंपाकघरात चहा उकळत असतो आणि कुणी अनोळखी विचारतं, "तुम्हीही घेणार?" मला वाटतं, एकटं पडल्याची भीती तिथेच सैल होते.

मुलींसाठी अनेक ठिकाणी स्वतंत्र खोली असते. ती आधीच विचारून घ्यावी, आणि शक्यतो दिवसाउजेडी पोचावं.

आईबाबांनो, लेक एकटी जाते म्हणाली तर पत्ता लिहून घ्या, रोजच्या फोनची वेळ ठरवा आणि तिला जाऊ द्या.