दारातला गोसावी, वावरातला गोसावी

बाजरीच्या कणसात दाणे भरायच्या जागी हिरव्या पानांचा झुबका फुटतो, त्या रोगाला आमच्याकडे ‘गोसावी’ म्हणतात. शेतीशास्त्राच्या मराठी पुस्तकांतही हाच शब्द आहे, जोडीला ‘केवडा’. कणीस जटा सोडलेल्या बैराग्यासारखं दिसतं, आणि बैराग्यासारखाच त्याचा वंश पुढे चालत नाही. ज्याने हे नाव ठेवलं त्याची नजर पक्की होती. माझ्या आजीला मात्र या नावाने बारा वर्षं सुखाची झोप लागू दिली नाही.

१९७५ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. पारनेर तालुक्यातलं आमचं कोरडवाहू रान, आणि बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर तगलेलं घर. पाऊस परतला होता, तरी पीठ अजून मोजूनच निघायचं. आषाढात एक डवरी गोसावी डौर वाजवत दारात आला. मडक्यात रात्रीच्या भाकरीपुरतं पीठ होतं. आजी उंबऱ्यात आली आणि म्हणाली, “पुढं व्हा बाबा.” तो काहीच बोलला नाही. झोळी खांद्यावर सारखी केली आणि निघून गेला.

भाद्रपदात बाजरी निसवली आणि वावरभर गोसावी उभे राहिले. वडिलांनी त्या वर्षी मोठ्या हौसेने संकरित बी पेरलं होतं. देशी बाजरीतही गोसावी यायचा, पण सरीला एखादा. इथे दर दुसऱ्या-तिसऱ्या ताटाला जटा फुटलेल्या. आजी बांधावर उभी राहून बघत होती. वडील रोगट ताटं उपटायला वाकले तेव्हा तिने त्यांचा हात धरला. “हात लावू नको. म्या एकाला माघारी धाडला, त्यानं एवढे धाडलेत.”

वडिलांनी आईचा शब्द मोडला नाही. ताटं तशीच वाळली, पानं फाटून मातीत पडली, आणि पुढच्या वर्षी गोसावी आणखी वाढला. आजीला तर खात्रीच पटली.

पुढे मी राहुरीला वनस्पती रोगशास्त्र शिकलो आणि त्यातच आयुष्य गेलं. गोसावीचं कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा परीक्षेच्या आधी मला आजी आठवली. एडविन बटलर यांनी १९०७ सालीच भारतातल्या बाजरीवरच्या या रोगाचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं होतं. ‘स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला’ हा त्याचा कर्ता. आम्ही त्याला सवयीने बुरशी म्हणतो. शास्त्र आता त्याला खरी बुरशी मानत नाही, पाण्यातल्या शेवाळांशी त्याचं दूरचं नातं सांगतं. त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कोवळ्या रोपाच्या मुळांतून आत शिरतात. मग दमट रात्री पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लव येते. त्या लवेतले नाजूक बीजाणू पहाटेच्या ओलाव्यात शेजारच्या रोपांवर, शेजारच्या वावरात जातात. ऊन चढलं की ते मरतात. म्हणून हा रोग पसरताना शेतकऱ्याला दिसत नाही. तो पसरतो तेव्हा गाव झोपलेलं असतं.

एकाच वर्षी एवढे गोसावी का आले, याचंही उत्तर पुस्तकात होतं. १९६५ साली लुधियानात डी. एस. अठवाल यांनी ‘एचबी-१’ हा बाजरीचा संकरित वाण दिला. त्याची मादी ओळ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली, ‘टिफ्ट २३ ए’. पुढचे काही वाणही तिच्यावरच उभे राहिले. उत्पन्न भरघोस होतं, म्हणून लाखो एकरांवर जणू एकाच आईची लेकरं उभी झाली. त्या आईला गोसावीशी झुंजता येत नव्हतं, म्हणून लेकरांनाही येईना. सत्तरीच्या दशकात एकामागून एक हे वाण पडले. आमचं वावर त्या मोठ्या पडझडीतला एक तुकडा होतं.

१९८७ च्या पावसाळ्यात मी सुट्टीला घरी आलो होतो. एका पहाटे, अजून अंधार असताना, आजीला हाताला धरून वावरात नेलं. पिवळ्या पडलेल्या एका रोपाचं पान उलटं केलं, बॅटरीचा उजेड टाकला आणि तिच्या हातात भिंग दिलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“भस्म लावलंय ह्यानं,” ती म्हणाली.

मी तिला सगळं समजावलं. बी, माती, ओलावा, संकरित वाण. हा रोग त्या आषाढातल्या माणसाने पाठवलेला नव्हता. तो दारात आला नसता, किंवा ओंजळभर पीठ घेऊन आशीर्वाद देत गेला असता, तरी त्या वर्षी गोसावी येणारच होता. उलट त्या वर्षी ताटं उपटून जाळली असती, तर पुढच्या वर्षी एवढा आला नसता.

मला वाटलं, आता तिचं ओझं उतरेल. ती बांधावर बसली आणि तिने विचारलं, “मंग त्यो उपाशी गेला, त्याचं काय रं?”

माझ्या सगळ्या शिक्षणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “वावराचं पाप गेलं म्हन. दाराचं राह्यलं. दाराचं फेडता येतंय.”

गेली जवळपास चाळीस वर्षं मी या वाक्याशी बोलतो आहे. पीक का जातं, या प्रश्नाला माणसाने फार काळ एकच उत्तर दिलं : कोणाचं तरी चुकलं. रोमन लोक गव्हाच्या तांबेऱ्यासाठी रोबिगस नावाचं दैवत मानत आणि २५ एप्रिलच्या सुमारास त्याच्या सणाला तांबूस रंगाचा कुत्रा बळी देत. मी त्यांना हसत नाही. पीक डोळ्यांदेखत जात असताना हातात काहीच नाही, हे माणसाला सोसत नाही. दोष स्वतःकडे घेतला की निदान काही करता येतं, नवस बोलता येतो. दोष ही हताश माणसाने शोधलेली वाट आहे. पण या वाटेवर एक खड्डा आहे, आणि आमचं घर त्यात पडलं. खोट्या कारणाने खऱ्या उपायाचा हात धरून ठेवला. आजीची श्रद्धा प्रामाणिक होती आणि तिच्यामुळे दुसऱ्या वर्षाचं पीकही गेलं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

याच्या उलट बाजूलाही तितकाच खोल खड्डा आहे. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा आला. तिथेही गरिबांच्या शेतात ‘लंपर’ हीच एक जात, कंदापासून कंद लावत वाढवलेली, म्हणजे पुन्हा एकाच आईची लेकरं. इंग्लंडमधल्या एका खेड्यातले धर्मोपदेशक माइल्स बर्कली यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून १८४६ साली लिहिलं की, बटाट्यावरची बुरशी हेच या रोगाचं कारण आहे. त्या काळच्या बऱ्याच विद्वानांना ते पटलं नाही. जर्मनीच्या अँटोन द बारी यांनी १८६० च्या दशकात प्रयोगांनी ते सिद्ध केलं. आणि ज्यांच्या हातात मदतीचा पैसा होता, ते ब्रिटिश खजिन्याचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी दुष्काळात ईश्वराची योजना पाहिली. रोज देवाचं नाव घेणारा पाद्री कारण शोधत होता, आणि हिशेबाच्या वह्या सांभाळणारा अधिकारी देवाचं नाव पुढे करत होता. सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढ्यांनीच देश सोडला, आणि त्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात राहिलं.

बंगालचा १९४३ चा दुष्काळ आपल्या आणखी जवळचा. १९४२ च्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग आला होता. वनस्पती रोगशास्त्रज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ साली संशोधन केंद्रांवरच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाचे आकडे मांडून दाखवलं की, काही वाणांचं जवळजवळ सगळं पीक त्या रोगाने नेलं होतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुसरी बाजू मांडली. अन्न अगदी नव्हतंच असं नाही. युद्धकाळातल्या महागाईत शेतमजूर, कोळी, कारागीर यांची ते विकत घेण्याची ताकद गेली होती. वीस ते तीस लाख माणसं गेली. या दोघांत कोण बरोबर, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्या वादात आजीचीच विभागणी दिसते. पद्मनाभन वावराबद्दल बोलत होते, सेन दाराबद्दल. रोगाला कारण असतं. उपासमारीला कारणाखेरीज जबाबदार माणसंही असतात. पहिली गोष्ट दैवावर ढकलली की उपाय अडतो. दुसरी गोष्ट रोगावर ढकलली की माणूस सुटतो.

आमच्या व्यवसायात या सुटकेचा मोह मोठा आहे. रोगप्रतिकारक वाण काढला की भूक संपली, असं आम्ही अहवालात लिहितो. मी स्वतः तसं लिहिलं आहे. तसे वाण काढायचे तर आधी ‘सिक प्लॉट’ करावा लागतो. जमिनीत मुद्दाम रोगाचे बीजाणू मिसळायचे, शेजारी रोगाला बळी पडणाऱ्या ओळी लावायच्या, रोग जोमाने वाढू द्यायचा आणि त्या माऱ्यात जी रोपं हिरवी उभी राहतात ती निवडायची. त्या वाफ्यात पहिल्यांदा बीजाणू शिंपडताना माझा हात थरथरला होता. ज्याने घर उपाशी ठेवलं त्यालाच मी जेवू घालत होतो. पण त्याला नीट ओळखल्याशिवाय त्याला तोंड देणारं रोप कसं सापडणार? आणि तोही खाणाराच आहे. बाजरी मातीतून घेते, तो बाजरीतून घेतो, आपण दोघांच्या मधून आपला घास काढतो. त्याचा समूळ नाश करण्याची भाषा मला कधी जमली नाही. देशी बाजरीत सरीला एक गोसावी होता तेव्हा दोघंही जगत होते. सारं रान एकसारखं करून ते माप आपण मोडलं.

निवृत्तीनंतर तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली सावकाश वाचली. भृगू वडिलांना, वरुणाला, विचारतो की ब्रह्म काय. वडील सांगतात, तप कर. पहिल्या तपानंतर त्याला उत्तर मिळतं, अन्न. मग प्राण, मन, विज्ञान, शेवटी आनंद. मला वाटलं होतं, आनंदाला पोचल्यावर पाठ संपेल. पण तो तिथून पुन्हा खाली, अन्नाकडे येतो आणि व्रतं सांगतो : अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ पिकवावं. आणि त्याला लागूनच, आसरा मागत आलेल्या कोणालाही माघारी पाठवू नये, म्हणूनच तर पुष्कळ अन्न मिळवावं.

पुस्तक मिटून मी अंगणात येऊन बसलो. वावर आणि दार ही दोन्ही व्रतं तिथे शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत आणि मध्ये एक ‘म्हणून’ आहे. पुष्कळ पिकवायचं ते कशासाठी, हे तिथे सांगितलं आहे. माझं शास्त्र पहिल्या व्रताचं साधन आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. दुसरं व्रत ते माझ्याऐवजी पाळू शकत नाही. पहिलं व्रत मोडलं तर दुसरं पाळायला हातात काही उरत नाही, हे आमच्या घराने १९७५ मध्ये पाहिलं. रात्रीच्या भाकरीपुरतंच पीठ असलेल्या बाईला मी तरी दोष कसा देऊ? तिने स्वतः मात्र तो सोडला नाही. माझ्या लेखी तिचा धर्म त्यातच होता.

आजी १९९४ साली गेली. त्या पहाटेनंतर सात वर्षं, बाजरी खळ्यातून घरी आली की पहिला शेर ती दाराच्या कोनाड्यात वेगळा ठेवायची, मागणाऱ्यांसाठी. आणि त्याच वर्षापासून तिने वडिलांना गोसावी उपटू दिले. काही तर तिने स्वतः उपटले. मुळासकट उपटायची, पदरात गोळा करायची आणि बांधाच्या कडेला नेऊन जाळायची. जाळण्याआधी एकदा हात जोडायची. मी तिला कधी अडवलं नाही.

यंदाही जूनमध्ये मी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून बाजरीचं बी बुडवलं. हे अरगट या बाजरीच्या दुसऱ्या रोगासाठी. रोगट आणि हलकं बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं, तळाचं बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. मग गोसावीसाठी मेटॅलॅक्झिल चोळायचं. माझं झाल्यावर मी बांध ओलांडून शेजारच्या वावरात गेलो. तिथल्या तरुण पोराने ठोक्याने जमीन केली आहे, औषधाला पैसे नव्हते. माझ्याकडचं उरलेलं औषध त्याच्या बियाला पुरलं. “काका, पैसे?” त्याने विचारलं. मी म्हटलं, सुगीला बघू.

खरं तर ते पैसे मला त्याच्याकडून यायचे नव्हतेच. आमच्या घराकडे ओंजळभर पीठ कोणाचं तरी बाकी आहे.