बांबू कोणाचा?

गरिबी हे पूर्वजन्मीचे फळ आहे काय? जरा आपल्याच जंगलाकडे पाहा. १९४५ साली बल्लारपूरची कागद गिरणी स्थापन झाली. चांदा-गडचिरोलीच्या बांबूचा कागद झाला. तोडणाऱ्याच्या हाती मात्र मजुरीच आली. कारण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत धरले होते, आणि राखीव जंगलातले झाड सरकारचे! २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच बांबूला गौण वनोपज म्हटले. २०११ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या ग्रामसभेला बांबूचा वाहतूक परवाना मिळाला. मजूर विक्रेता झाला. बांबू तोच, हात तेच. बदलला तो कायद्यातील शब्द. जे माणसाने लिहिले, ते माणसालाच बदलता येते. मग नशिबाला दोष का द्यावा? मुलांना कायदा वाचायला शिकवा.