गादी कुणासाठी झाकायची?

आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या दुखण्यांविषयी पुष्कळ बोलले जाते. रक्तदाब, साखर, गुडघे हे विषय लग्नात, मलिद्याला, बसच्या थांब्यावरसुद्धा निघतात. परंतु एक दुखणे असे आहे की त्याचे नाव कुणी घेत नाही. लघवी आवरत नाही, रात्री अंथरूण ओले होते, ही गोष्ट घराबाहेर तर जात नाहीच, पुष्कळदा घरातही कुणी उच्चारीत नाही. मग एक दिवस मुलगा किंवा सून पाणी न झिरपणारी गादी घेऊन येते, आई दवाखान्यात गेली असता ती पलंगावर घातली जाते, आणि प्रश्न मिटला असे सर्वांना वाटते. तो खरोखर मिटतो काय?

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण सहज म्हणतो. बाळाच्या खाली मेणकापड घालावे, वर जुन्या लुगड्याची गोधडी, तसेच म्हाताऱ्या माणसाचे. मला हे म्हणणे पटत नाही. बाळाला लाज नसते. ते ओले झाले की रडते आणि कोरडे झाले की हसते. पण जिने साठ वर्षे घरादाराची अंथरुणे घातली, मुलांचे कपडे धुतले, ती स्वतःच्या ओल्या चादरीकडे कोणत्या डोळ्यांनी पाहत असेल? मेणकापड तेच, परंतु त्यावर निजणारे मन निराळे. म्हणून बाळाच्या बाबतीत जी केवळ सोय असते, ती आईच्या बाबतीत नीतीचा प्रश्न होते.

आईवडिलांच्या बाबतीत तोराने दोन निरनिराळ्या आज्ञा दिल्या आहेत. एक त्यांचा मान राखण्याची, दुसरी त्यांचा धाक बाळगण्याची. तालमूदच्या कीद्दुशीन या भागात दोहोंचा अर्थ अगदी व्यवहारातला सांगितला आहे. मान म्हणजे त्यांना खाऊपिऊ घालणे, कपडे नेसविणे, पांघरूण घालणे, आतबाहेर नेणे-आणणे. धाक म्हणजे त्यांच्या जागेवर न बसणे, त्यांचे बोलणे न खोडणे. आता असे पाहा की, कोरडे अंथरूण देणे ही मानाची गोष्ट झाली, आणि ती आपण पैसे खर्चून करतो. पण तिला न विचारता तिची गादी बदलणे म्हणजे तिच्या जागेवर बसणेच नव्हे काय? पहिली आज्ञा पाळताना दुसरी मोडते, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

कुणी म्हणेल, विचारले तर तिला अधिकच लाज वाटेल. न बोलणे हीच दया. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. नोहाची गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. बाप तंबूत उघडा पडला होता. हामने पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी खांद्यांवर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत आत गेले आणि तोंड फिरवूनच बापाला झाकले. हामचे बोलणे बाहेरच्यांशी होते. शेजाऱ्यांना सांगणे, पाहुण्यांना "तिथे बसू नका" म्हणणे, नातवंडांदेखत नाक मुरडणे, हे सारे हामचे वागणे. परंतु आईशी एकांतात, दार लावून, हळू आवाजात बोलणे ही निराळी गोष्ट आहे. चारचौघांत मौन आणि एकांतात स्पष्टपणा, एवढा भेद सांभाळला तर पुष्कळ साधते.

बोलण्याचा पहिला लाभ हा की, आई डॉक्टरकडे जाते. लघवी न आवरणे म्हणजे वय झाले, एवढेच नव्हे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, अशी कारणे असू शकतात आणि त्यांतील कित्येकांवर उपाय आहेत. जिच्याशी कुणी बोलत नाही ती आपला उपाय आपणच शोधते. पाणी पिणे कमी करते. बेरशेबा-दिमोनाच्या उन्हाळ्यात हे धोक्याचे आहे. शिवाय लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चुरचुरते आणि बद्धकोष्ठ वाढते. मग ती सिनेगॉगला जाणे सोडते, लग्नकार्ये टाळते. गादी कोरडी राहते, पण माणूस घरात कोंडला जातो.

दुसरा लाभ हा की, निवड योग्य होते. जाड प्लॅस्टिकचे आवरण स्वस्त असते, पण त्यातून वाफ जात नाही. अंगाखाली घाम येतो, कूस बदलली की ते करकरते, आणि प्रत्येक आवाज तिला आठवण करून देतो. कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेली आवरणे पाणी अडवितात, वाफ जाऊ देतात आणि आवाज करीत नाहीत. गादी चांगली असेल तर नवी घेण्याचे कारण नाही. चारही बाजूंनी झाकणारे, चेनचे आवरण तिच्या नेहमीच्या गादीला घालता येते. आवरण, चादर, त्यावर पुन्हा आवरण आणि चादर असे दोन थर घातले तर रात्री वरचा थर काढला की काम झाले. दिवा लावून घर जागे करावे लागत नाही. मात्र जी दिवसभर पडून असते तिच्यासाठी नर्सचा सल्ला घ्यावा, कारण ओली त्वचा आणि दाब यांमुळे जखमा होतात, आणि दाब कमी करणाऱ्या गादीवर जाड थर रचले तर त्या गादीचा उपयोग राहत नाही. यांतील काय सोसवेल, काय खुपेल, हे निजणारीलाच विचारावे लागते.

जिची स्मृती गेली आहे, तिला काय विचारायचे? रंबामने मिश्ने तोरात याचा विचार केला आहे. आईबापांचे चित्त भ्रमले तर मुलाने त्यांच्या स्थितीप्रमाणे वागण्याचा यत्न करावा. अगदीच असह्य झाले तर योग्य माणसांच्या हाती त्यांची सेवा सोपवावी, असे तो सांगतो. म्हणजे न थकण्याची अपेक्षा धर्मानेही ठेवलेली नाही. इस्राएलमध्ये १९८८ पासून बितुआख लेउमीकडून वृद्धांना घरच्या सेवेसाठी मदत मिळते, तीतून शोषक पॅडही घेता येतात. आणि १९७६ साली स्थापन झालेली याद सारा ही संस्था आजाऱ्यांसाठी लागणारे सामान उसने देते. मदत घेण्यात कमीपणा नाही. परंतु चादर आपण बदलो वा पगारी बाई बदलो, "आई, चादर बदलते हं," एवढे शब्द तरी बोलले जावेत. तिला अर्थ कळो न कळो, तिच्या अंथरुणावर अजून तिचाच हक्क आहे, हे आपल्याला तरी कळत राहील.

तेव्हा वाचकहो, दुकानात गेल्यावर गादीची किंमत आणि हमी अवश्य पाहा. पण त्याआधी, आपण गादी वाचविण्यासाठी निघालो आहोत की आईची लाज राखण्यासाठी, हे मनाशी ठरवा. गादी वाचवायची असेल तर दुकानदाराला विचारून भागते. लाज राखायची असेल तर प्रथम आईलाच विचारले पाहिजे.