रेघेच्या शेजारी बसलेला माणूस

१५८८ साली पॅरिसमध्ये आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याचा यंत्रांवरचा ग्रंथ छापून निघाला. त्यात १९५ चित्रं आहेत. पाणी उपसणारं यंत्र दाखवताना रामेल्लीचा चित्रकार भिंत अर्धी फोडतो, जमीन कापतो आणि आतली दातेरी चाकं उघडी करतो. भिंत खरी फुटलेली नाही, आतलं दिसावं म्हणून ती कागदावर फोडली आहे, हे युरोपातल्या जाणत्या वाचकाला सांगावं लागत नसे. त्याचा डोळा तशी चित्रं वाचायला सरावलेला होता.

यंत्राचं किंवा इमारतीचं आरेखन अशा ठरलेल्या संकेतांवर उभं असतं. कुठली रेघ कड आहे, कुठली सावली आहे आणि कुठली नुसतीच कल्पनेतली आहे, हे आधी ठाऊक असावं लागतं. युरोपातली ही विद्या चीनमध्ये कशी पोहोचली, याचा माग काढताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. कागद समुद्र ओलांडून जातो; तो वाचायचा कसा, हे मात्र शेजारी बसून कुणीतरी सांगावं लागतं.

चीनला आरेखन नवं नव्हतं. सोंग राजवटीत सू सोंगने खायफंगच्या घड्याळ-मनोऱ्याचे भाग सुटे सुटे काढून दाखवले होते. ११०३ साली ली ज्ये याचा ‘यिंगझाव फाशी’ हा बांधकामाचा सरकारी ग्रंथ छापला गेला. त्यात लाकडी सांध्यांच्या आणि इमारतींच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकातला विद्वान झेंग च्याव तर चित्राला उभा धागा आणि मजकुराला आडवा धागा म्हणत असे. एकावाचून दुसऱ्याचं वस्त्र होत नाही, हा विचार तिथे मुरलेला होता.

मातेओ रिची हा जेझुइट धर्मगुरू गोव्याहून निघून १५८२ साली मकावला उतरला आणि १६०१ साली पेकिंगला पोहोचला. तिथे शू ग्वांगची या चिनी विद्वानाबरोबर त्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले. रिची तोंडी सांगे, शू लिहून घेई. १६०७ साली हे काम पुरं झालं. आकृतीतल्या बिंदूंना लॅटिन अक्षरांऐवजी त्यांनी चिनी कालगणनेतली ज्या, यी, बिंग, दिंग ही चिन्हं दिली. आपल्याकडच्या भूमितीत त्रिकोण ‘अबक’ झाला, तसंच हे. बिंदू, रेषा, पृष्ठ यांसाठी त्यांनी वापरलेले शब्द चिनी विद्यार्थी आजही वापरतात. पण उरलेले नऊ भाग चिनीत यायला १८५७ साल उजाडावं लागलं. मधली २५० वर्षं मूळ ग्रंथ काही नाहीसा झाला नव्हता. ते काम पुढे नेणारी जोडी तेवढी जमली नव्हती.

दुसरी जोडी योहान श्रेक आणि चिनी अधिकारी वांग झेंग यांची. श्रेक हा गॅलिलिओच्या वर्तुळातला जेझुइट शास्त्रज्ञ. १६१८ साली लिस्बनहून निघालेला श्रेक गोव्यात काही महिने थांबून मकावला गेला. पुढे पेकिंगमध्ये, नेमणुकीची वाट पाहत असताना, वांगने युरोपीय यंत्रांची चित्रं पाहिली आणि ती समजावून मागितली. श्रेकने त्याला आधी मोजमाप आणि गणित शिकायला लावलं. मग दोघांनी मिळून १६२७ साली पाश्चात्त्य यंत्रांवरचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. गुरुत्वमध्य, तरफ, कप्पी यांचं विवेचन आधी आणि यंत्रं नंतर, असा त्याचा क्रम आहे. सुटे भाग ओळखू यावेत म्हणून वांगने आकृत्यांवर लॅटिन अक्षरंच ठेवली आणि ती कशी वाचायची, हेही लिहिलं.

या ग्रंथातली चित्रं लाकडी ठशांसाठी नव्याने काढताना युरोपीय छायारेषा गळल्या, काही सांधे चुकले. अठराव्या शतकातल्या मोठ्या चिनी ज्ञानकोशात तीच चित्रं पुन्हा उतरवली गेली, तेव्हा चुका आणखी वाढल्या. यावरून चिनी लोकांना ती चित्रं कळलीच नाहीत, असा निष्कर्ष काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी काढला. मला तो अन्यायाचा वाटतो. वांगने लिहिलेलं विवेचन समजून लिहिलेलं आहे, कारण त्याच्या शेजारी श्रेक होता. ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या शेजारी कोण होतं?

तिसरी जोडी दरबारातली. न्यान शीयाव जिंगदेझेनच्या शाही चिनीमातीच्या भट्ट्यांवर देखरेख करणारा अधिकारी होता. इटालियन चित्रकार जुझेप्पे कास्तिल्योनेकडून तो यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकला आणि त्याच विषयावरच्या आंद्रेआ पोत्झोच्या ग्रंथाच्या आधारे १७२९ साली त्याने ‘शीश्वे’ हा ग्रंथ लिहिला. १७३५ साली भर घालून तो पुन्हा काढला. डोंगरदऱ्या रंगवाव्यात चिनी चित्रकारांनीच. पण वाडे आणि भांडी केसभरही न चुकता काढायची असतील, तर पश्चिमेची रीत घ्यावी, असं त्याचं मत होतं. ज्याला भांड्याच्या गोलाईचा रोजचा अनुभव होता, त्याने आपल्या कामाला लागेल तेवढं निवडून घेतलं.

शेवटचा प्रसंग विसाव्या शतकातला आहे आणि त्यात जोडी नाही. ल्यांग सचंग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुकला शिकत होते. १९२५ साली वडिलांनी त्यांना ‘यिंगझाव फाशी’ची नवी छापील प्रत पाठवली. ग्रंथ त्यांच्याच भाषेतला होता, पण त्यांना तो उलगडेना. शब्द जुने, आकृत्यांचे संकेत विसरलेले, आणि ली ज्ये जाऊन ८०० वर्षं उलटलेली. शेजारी बसून सांगणारं कुणी नव्हतं. मायदेशी परतल्यावर त्यांनी राजवाड्याच्या दुरुस्तीची कामं केलेल्या वृद्ध सुतारांना गुरू केलं. मग ते जुनी मंदिरं शोधत निघाले. १९३२ साली त्यांनी ९८४ साली बांधलेला दूल मंदिराचा लाकडी मंडप मोजला. तळनकाशा, दर्शनी नकाशा, छेद या पाश्चात्त्य शिस्तीत तो कागदावर उतरवताना ली ज्येच्या आकृत्या एकेक करून बोलू लागल्या. माणूस नव्हता, तेव्हा त्याच्या परंपरेतली तुळई शेजारी उभी राहिली.

त्याच वर्षी ल्यांग यांना मुलगा झाला. त्यांनी त्याचं नाव त्सोंगज्ये ठेवलं: ली ज्येच्या मागून चालणारा.