संगणकातला नाद: आहत की अनाहत?

बदलापूरच्या शिरगावात, जिथे एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा संसार चाललेला असतो, तिथे विद्युत् गिटार छेडणारा तरुण जेव्हा ॲम्प्लिफायरला रजा देऊन लॅपटॉपचा आश्रय घेतो, तेव्हा शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी राहून रचलेल्या 'संगीतरत्नाकरा'तील आहत (आघाताने उपजणारा) आणि अनाहत (आघातावाचूनचा) या नादांचा भेद नव्या रूपाने उपस्थित होतो: ज्या स्पीकरच्या पेटीतून स्वर उमटल्याचा भास होतो ती पेटीच अस्तित्वात नसेल, तर त्या नादाला काय म्हणावे?

यंत्राचीच जबानी घ्यावी. गिटारच्या पिकअपला सुमारे दहा लक्ष ओहमचे इनपुट न लाभल्यास स्वराचे तेज मावळते. स्पीकरच्या पेटीची गणिती प्रतिकृती वगळल्यास डिस्टॉर्शन कर्कश होते. आणि सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने 128 नमुन्यांचा बफर ठेवला, तर एका खेपेस सुमारे 3 मिलिसेकंदांचा विलंब पडतो, जो हवेतून मीटरभर अंतर कापताना खऱ्या ॲम्प्लिफायरच्या ध्वनीलाही चुकत नाही. (मायेचा आरोप करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.) अनाहत नाद योग्याला आघातावाचून ऐकू येतो असे म्हणतात; येथे बोटाने तार छेडल्याखेरीज सारे गणित मूकच राहते. सबब हा नाद आहतच होय.