आजारपणाचा खर्च कोणीं सोसावा?



गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आम्ही एका खेड्यांतील कुटुंबाच्या समाचारास गेलों होतों. घरधनी दोन एकर कोरडवाहू जमिनीचा मालक. त्याच्या पत्नीच्या पोटांत अकस्मात् कळा येऊं लागल्या, तालुक्याच्या गांवीं नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली, आणि बाई वांचली. सर्वांस आनंद झाला. परंतु आम्हीं गोठ्यांत पाहिलें तों दावण रिकामी होती. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी विकली गेली होती. आणि तेवढ्यानें भागेना म्हणून ६०,००० रुपये दरमहा शेंकडा तीन रुपये व्याजानें काढले होते. म्हणजे मुद्दल जागच्या जागीं राहून महिन्यास १,८०० रुपये नुसतें व्याज. "बायको वांचली, पण वर्ष बुडालें," असें तो गृहस्थ म्हणाला. त्याच्या शब्दांत तक्रार नव्हती. तो केवळ हिशेब सांगत होता.

त्याच ओसरीवर शेजारचा एक कष्टाळू शेतकरी बसला होता. सर्वांच्या औषधोपचाराचा भार सरकारनें घ्यावा काय, असा विषय निघाला तेव्हां तो म्हणाला, "पाळकसाहेब, ते पैसे शेवटीं आमच्याच करांतून जाणार ना? मीं आजवर दवाखान्याची पायरी चढलों नाहीं. दारू पीत नाहीं, तंबाखू खात नाहीं. दुसऱ्याच्या आजाराचे पैसे मीं कां भरावे?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून शेजारधर्माचा एक उपदेश करून तो बाजूला सारणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्यांत दोन गोष्टी गुंतल्या आहेत. एक हिशेबाची व दुसरी न्यायाची. त्या वेगवेगळ्या करून पाहूं.

प्रथम हिशेब. आमच्या ह्या मित्राची अशी समजूत दिसते कीं, सरकारनें खर्च केला नाहीं तर तो खर्च होतच नाहीं. परंतु आजारपणाचा खर्च चुकत नाहीं; तो कोणाच्या माथीं बसतो एवढेंच बदलतें. भारत सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य हिशेबाप्रमाणें २०२१–२२ सालीं देशांत आरोग्यावर खर्च झालेल्या दर शंभर रुपयांपैकीं ३९ रुपये ४० पैसे कुटुंबांनीं प्रत्यक्ष आपल्या खिशांतून दिले. २०१३–१४ सालीं हाच आकडा ६४ रुपये २० पैसे होता. सुधारणा झाली हें मान्य केलें पाहिजे. तरीही २०२१–२२ सालचा हा भार दरडोई सुमारें २,६०० रुपये होतो, म्हणजे पांच माणसांच्या घरास सरासरीनें वर्षाचे १३,००० रुपये. हा कर कोणत्याही विधिमंडळानें बसविलेला नाहीं. तथापि तो करच आहे, आणि सर्व करांत निष्ठुर आहे. इतर कर माणूस कमावतो तेव्हां किंवा कांहीं विकत घेतो तेव्हां द्यावे लागतात. हा कर ज्या दिवशीं कमाई थांबते नेमका त्याच दिवशीं दारांत उभा राहतो.

आणखी एक तुलना करून पाहा. त्याच वर्षीं देशाच्या एकंदर उत्पन्नाच्या दर शंभर रुपयांत केंद्र व राज्यें मिळून सरकारनें आरोग्यावर १ रुपया ८४ पैसे खर्च केले, व घरांनीं आपल्या खिशांतून सुमारें दीड रुपया. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें २०२५ पर्यंत सरकारी खर्च अडीच रुपयांवर नेण्याचें ठरविलें होतें. म्हणजे २०२१–२२ सालीं ६६ पैशांची तूट होती. ती भरली असतां घरांचा सर्व खर्च नाहींसा होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ६६ पैशांचा भार देशास झेपणार नाहीं असें जे म्हणतात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं त्याच्या दुपटीहून अधिक भार ह्याच देशाचीं घरें उचलीत होतीं.

सरासरी ही मात्र फसवी वस्तु आहे. १३,००० रुपये प्रत्येक घर देत नाहीं. एका घरास वर्षभर कांहींच लागत नाहीं, व दुसऱ्याची बैलजोडी जाते. समजा, दोनशें घरांचा एक गांव आहे. एका वर्षांत त्यांतील दहा घरांत मोठें आजारपण आलें व प्रत्येकीं ३०,००० रुपये लागले. एकंदर तीन लाख झाले. दहा घरांनींच ते भरावयाचे तर कोणाचें जनावर, कोणाच्या मुलीचें शिक्षण, कोणाची जमीन जाईल. दोनशें घरांनीं भरावयाचे तर प्रत्येकास वर्षाचे १,५०० रुपये, म्हणजे महिन्यास १२५ रुपये पडतील. गांवांतून बाहेर गेलेली रक्कम दोन्ही वेळां तीच. परंतु पहिल्या प्रकारांत दहा घरें मोडतात व दुसऱ्यांत एकही मोडत नाहीं. शिवाय सावकाराचें व्याज पहिल्याच प्रकारांत लागतें. त्यानें कोणाचा ताप उतरत नाहीं. आणि अनेकांनीं मिळून खरेदी केल्यास भावही उतरतो. तमिळनाडू राज्यानें १९९४ सालीं सरकारी दवाखान्यांसाठीं औषधें एकत्र खरेदी करणारें महामंडळ स्थापिलें तें ह्याच हेतूनें. रात्रीं बारा वाजतां एकटा बाप औषधाच्या दुकानापुढें उभा राहतो, तो काय भाव करणार?

येथें एका चुकीपासून वाचकांनीं सावध असावें. २०१७–१८ च्या सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, बाळंतपण सोडून इतर कारणांनीं रुग्णालयांत राहावें लागल्यास घरास सरासरीनें खाजगी ठिकाणीं ३१,८४५ रुपये व सरकारी ठिकाणीं ४,४५२ रुपये खर्च येई. ह्यावरून सरकारी उपचार सात पटींनीं स्वस्त असतात असें म्हणूं नये. तेथील डॉक्टरांचा पगार, खाटा व औषधें ह्यांचा पुष्कळसा खर्च आधींच करांतून भागविलेला असतो. आणि तो कर केवळ धनिकांनींच भरला असें नाहीं. साबणाची वडी घेणारी विधवा व मोबाईलचा रिचार्ज मारणारा मजूर, हे दोघेही कर भरतात. म्हणून सरकारी दवाखान्याच्या रांगेंत उभा राहणारा मनुष्य भिक्षा मागत नाहीं. जें त्यानें अगोदर थोडेंथोडें देऊन ठेविलें आहे तेंच तो मागतो.

आतां न्यायाविषयीं. आमच्या मंडळ्यांत कोणी आजारी पडल्यास वर्गणी काढण्याची चाल आहे, आणि ती फार चांगली आहे. वाटेवर पडलेल्या जखमीला उचलून उतारशाळेंत नेणारा व त्याच्या खर्चाची हमी घेणारा शोमरोनी आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु इतकीं वर्षें वर्गणीची वही हातीं धरल्यावर एक गोष्ट आम्हांस लाजेनें कबूल केली पाहिजे. जो गोड बोलतो, ज्याचे नातेवाईक पुष्कळ आहेत, त्याच्यासाठीं वही लवकर भरते. जी म्हातारी तोंडाळ आहे, जिचें कोणाशीं पटत नाहीं, तिच्यासाठीं चार घरें फिरूनही हातीं फारसें येत नाहीं. दया ही तोंड पाहून येते. रोग तोंड पाहून येत नाहीं. म्हणून दया कितीही थोर असली तरी ती न्यायाची जागा भरून काढूं शकत नाहीं.

खेड्यांतील लोकांनीं हा न्याय कोठें करून पाहिला आहे काय, असें कोणी विचारील. होय. कॅनडा देशांत सॅस्कॅचेवान म्हणून गव्हाच्या शेतकऱ्यांचा एक प्रांत आहे. तेथील सार्निया नांवाच्या ग्रामीण भागांत १९१४ च्या सुमारास लोकांस भीति वाटली कीं आपला डॉक्टर पोट भरत नाहीं म्हणून निघून जाईल. तेव्हां त्यांनीं आपल्या स्थानिक करांतून त्यास वर्षाचे १,५०० डॉलर देण्याचें ठरविलें. पुढें ह्याच प्रांतांत टॉमी डग्लस नांवाचे एक बाप्टिस्ट पाळक १९४४ सालीं मुख्यमंत्री झाले. लहानपणीं त्यांच्या पायाच्या हाडास रोग झाला होता. आईबापांपाशीं पैसे नव्हते, व पाय कापण्याची वेळ आली होती. विद्यार्थ्यांस शिकविण्याच्या निमित्तानें एका शल्यविशारदानें फुकट उपचार केले म्हणून पाय वांचला. डग्लस त्या डॉक्टराचे उपकार विसरले नाहींत. परंतु मुलाचा पाय राहणें कीं जाणें हें नशिबावर अवलंबून नसावें, हाही धडा ते शिकले. १ जानेवारी १९४७ पासून त्यांच्या सरकारनें दरमाणशीं वर्षास ५ डॉलर घेऊन रुग्णालयांतील उपचार सर्वांस खुले केले. १ जुलै १९६२ रोजीं डॉक्टरांच्या तपासणीचा खर्चही त्यांत आला. तेव्हां तेथील डॉक्टरांनीं २३ दिवस संप केला, तरी योजना टिकली. १९६६ सालीं तसा कायदा सर्व देशासाठीं झाला, व १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यांत सामील झाले. ती व्यवस्था निर्दोष नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं पुष्कळ दिवस थांबावें लागतें, आणि रुग्णालयाबाहेरचीं औषधें सर्वांस फुकट मिळत नाहींत. परंतु शस्त्रक्रियेच्या पैशांसाठीं तेथील शेतकऱ्यास शेत विकावें लागत नाहीं.

आपल्या देशासही हा विचार नवा नाहीं. सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीनें १९४६ सालींच सांगून ठेविलें होतें कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीही योग्य उपचारांस मुकतां कामा नये.

तरी आमच्या मित्राचा खरा कांटा राहतोच. सांभाळून वागणाऱ्यानें निष्काळजी मनुष्याचे पैसे कां भरावे? ह्यास आमचें उत्तर असें. सर्पदंश, बाळंतपण, तान्ह्या मुलाचा ताप, म्हातारपणाचा मोतीबिंदु, ह्यांत कोणाचा दोष? ज्यांत दोष आहे तेथेंही शिक्षा केवळ दोषी मनुष्यास होत नाहीं. दारुड्याच्या औषधासाठीं मंगळसूत्र त्याच्या बायकोचें जातें. आणि दवाखान्याच्या दारांत बसून कोण पात्र व कोण अपात्र हें निवडावयाचें तरी कोणीं? पाणवठ्यावर "तूं कोण?" असें विचारलें जाणें म्हणजे काय, हें आमच्यापैकीं पुष्कळांच्या आजोबापणजोबांस ठाऊक होतें. दवाखान्याच्या दारांतील "तुझ्यापाशीं किती?" हा प्रश्न त्याच जातीचा आहे. तहान ही जशी पाण्याच्या हक्कास पुरेशी, तसा आजार हा औषधाच्या हक्कास पुरेसा असला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. कर भरूनही केंद्रावर डॉक्टर नसतो, "औषध बाहेरून आणा" असें सांगतात, आणि मधल्या मध्यें पैसा गळतो. हें पुष्कळ ठिकाणीं खरें आहे, व तें लपविण्यांत अर्थ नाहीं. २०१८ सालीं सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेनें पात्र कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयाचा आधार दिला. महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. तरी रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या ज्या गोळ्या महिन्याच्या महिन्यास घ्याव्या लागतात, त्यांचा खर्च विम्याच्या ह्या योजनांत सहसा येत नाहीं. आणि घरें पोखरतात तीं बहुधा ह्याच लहान खर्चांनीं. परंतु घागर गळते म्हणून कोणी पाणी भरणें सोडीत नाहीं, भोंक बुजवितो. सार्वजनिक पैशाचा एक गुण असा कीं त्याचा जाब विचारतां येतो. सावकारास जाब विचारणारी ग्रामसभा आम्हीं अद्याप पाहिली नाहीं.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व बायबल स्त्रियांस आमची विनंति आहे कीं, पुढील महिन्यांत त्यांनीं घरोघरीं एवढें विचारावें: कुटुंबाचें योजनेचें कार्ड झालें आहे काय? जवळच्या केंद्रावर कोणतीं औषधें मिळतात व कोणतीं मिळत नाहींत? जीं मिळत नाहींत त्यांची यादी करून ती ग्रामसभेंत व गांवच्या आरोग्य समितीपुढें सर्वांदेखत वाचावी. हें काम लहान दिसलें तरी वर्गणीच्या वहीपेक्षां कमी पुण्याचें नाहीं.

शेवटीं त्या ओसरीवरील शेजाऱ्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. निघतांना आम्हांस कळलें कीं, बैल विकलेल्या त्या घराची पेरणी झाली ती ह्याच गृहस्थाच्या बैलांनीं. त्यानें ओल असतांना आपलीं जनावरें दोन दिवस त्यांस दिलीं, व त्याची स्वतःची पेरणी मागें पडली. आम्हीं त्यास म्हटलें, "तुम्हीं दुसऱ्याच्या आजाराचे पैसे भरले कीं!" तो हंसला, पण कांहीं बोलला नाहीं. त्यानें आपला वाटा दिला होताच. परंतु तो एकट्यानें दिला, उशिरां दिला, आणि तोपर्यंत बैल बाजारांत गेले होते. तोच वाटा सर्वांनीं, अगोदर, थोडाथोडा दिला असता, तर दोन्ही शेतें वेळेवर पेरलीं गेलीं असतीं.