फेरफटका द्यावा की मारावा?

स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी माणसाला सुरुवातीलाच एक साधा वाक्प्रयोग भेटतो : ‘दार उन पासेओ’. अर्थ सोपा, फेरफटका मारणे. पण शब्द सुटे केले की तो अडखळतो. ‘दार’ म्हणजे देणे, आणि ‘पासेओ’ हा ‘पासो’ म्हणजे पाऊल या शब्दाच्या कुळातला. परभणीचा माणूस संध्याकाळी ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणून निघतो, तेव्हा माद्रिदचा माणूस ती चक्कर ‘देऊन’ येतो. कुणाला देतो, हे वाक्यात कुठेच नसते. त्याच स्पेनमध्ये सान्तियागोच्या पायी यात्रेला निघालेला माणूस मात्र वाट देत नाही, ‘करतो’ : ‘आसेर एल कामिनो’. आपणही वारी करतो, मारत नाही. एकमेकींना न विचारता दोन्ही भाषांनी हेतूचे चालणे आणि बिनहेतूचे चालणे निरनिराळ्या क्रियापदांच्या पदरात टाकले आहे. इथून पुढचा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही, धर्माचा होतो. बिनकामाच्या चालण्याला काही मोल आहे, की तो नुसता घालवलेला वेळ?

भाषेचा जाणकार इथेच हरकत घेईल. अशी क्रियापदे झिजलेली असतात, त्यांत तत्त्वज्ञान शोधणे म्हणजे भुईमुगाच्या रिकाम्या टरफलात दाणा शोधणे. मिठी मारताना कुणी कुणाला मारत नाही; आणि स्पॅनिशमध्ये भीतीही ‘देतात’, ठोसाही ‘देतात’. हरकत रास्त आहे. स्पॅनिश लोक फेरफटका देतात म्हणून ते अधिक उदार ठरत नाहीत आणि आपण तो मारतो म्हणून कठोर ठरत नाही. परंतु झिजलेले नाणे परक्याच्या हातात गेले की त्यावरचा छाप त्याला पुन्हा दिसतो. शिकणाऱ्याला दिसलेले ‘देणे’ हा पुरावा नव्हे, ती एक सूचना आहे. ती खरी की खोटी, हे आपल्याच विचारधनावर घासून पाहावे लागेल. आपल्याकडे वेळ जातो, घालवतात, काढतात. वेळ दिला जातो तो कुणाला तरी, कशासाठी तरी. कुणासाठीच नसलेला वेळ ‘देणे’ हे आपल्या कानाला चुकीचे वाटते आणि हातात काम नसलेल्याला आपण ‘रिकामटेकडा’ म्हणून मोकळे होतो.

घासून पाहायला गीतेचा 17 वा अध्याय जवळचा आहे. तिथे दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतले दोन इथे कामाचे. परतफेडीच्या आशेने दिलेले ते राजस. जो उलट उपकार करणार नाही त्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक. ही कसोटी वेळेला लावली तर आपला बहुतेक वेळ राजस ठरतो. जेवणानंतरची शतपावलीसुद्धा पचनाच्या हिशेबात चालते, आणि तिच्या नावातच मोजणी आहे. फेरफटका तेवढा या हिशेबातून सुटतो, कारण त्याच्याकडून काहीच परत यायचे नसते. यावर कुणी म्हणेल, पात्र कुठे आहे? घेणारा नसेल तर दान कसले? उत्तर चालण्याच्या रीतीतच आहे. कामाला निघालेल्याला वाटेत भेटणारा माणूस म्हणजे खोळंबा. फेरफटक्याला निघालेल्याला तोच माणूस म्हणजे भेट. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याचा ‘रामराम’ पहिला जण पाय न थांबवता घेतो, दुसरा थांबून घेतो. पात्र आधी ठरलेले नसते, वाटेवर ठरते.

धार्मिक माणसाची हरकत याहून कडक असेल. वारी असताना फेरफटक्याचे कौतुक कशाला? शेगावची गजानन महाराजांची पालखी दर आषाढीला परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. महिनाभराच्या त्या पायपिटीपुढे संध्याकाळची चक्कर म्हणजे पोरखेळच. पण वारीचे मोठेपण अंतरात आहे काय? सान्तियागोच्या यात्रेत पायी जाणाऱ्याला प्रमाणपत्र हवे असेल, तर किमान 100 किलोमीटर चालल्याचे शिक्के दाखवावे लागतात. वारीत शिक्का नाही, प्रमाणपत्र नाही. वारकरी परंपरेने देवाकडे काही मागण्यापेक्षा त्याच्या भेटीला मोठे मानले. म्हणजे वारी जिथे सर्वांत उंच जाते, तिथे ती ‘करण्या’कडून ‘देण्या’कडेच सरकते. फेरफटका वारीची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण फळ न मागता पाऊल उचलण्याची सवय रोजच्या रस्त्यावर लागली नसेल, तर ती आषाढात अचानक कुठून येणार?

शेवटची हरकत सर्वांत जड आहे, आणि ती परभणी जिल्ह्यातूनच येते. गंगाखेडच्या जनाबाईंना फेरफटका कुठला? नामदेवांच्या घरी दासी असलेल्या या संत कवयित्रीची भक्ती दळण-कांडणातच झाली. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला, किंवा देवदर्शन नाहीतर भाजी असे कारण सांगितल्याशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या सुनेला बिनकारणाची संध्याकाळ मिळत नाही. मग फुरसत हा धर्म नसून चैन आहे, असे का म्हणू नये? जनाबाईंची कथा मात्र नीट ऐकावी. त्या कथेत विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो. त्याचे स्वतःचे दळण काहीच नव्हते, जनाबाईंकडून त्याला काही मिळायचेही नव्हते. त्या घरात रिकामा असा तो एकटाच होता, आणि आपले रिकामपण त्याने त्यांना दिले. फुरसत नसलेल्याने ती कशी मिळवावी, हे कथा सांगत नाही. फुरसत असलेल्याने तिचे काय करावे, हे सांगते. तेव्हा फेरफटका मारावा की द्यावा, हे चालणारा आपल्या रिकाम्या हातांचे काय करतो यावर ठरेल. वाटेवर कुणाचे जाते जड चालले असेल, तर तिथे थांबण्याइतका वेळ त्याच्यापाशी असायला हवा.